तिसरा राउंड

कट्टा गावच्या बाजारात मी ज्याच्याकडे दाढी करतो, त्याची तरुणपणी रेडी गावच्या एका गड्याशी बॉक्सिंगची लढत ठरली होती. आदल्या दिवशी त्या गड्याला कांजिण्या आल्या आणि लढत राहूनच गेली. तेव्हापासून आमचा न्हावी ती गिऱ्हाइकांना खेळून दाखवतो, तीही हातात वस्तरा घेऊन. मी मान आखडून बसतो.

“मास्तरांनू, तिसऱ्या राउंडाक असो ठोसो हाणलंय, तो थंयच आडवो!”

मग खुशीत माझ्या गालाला जरा जास्तच तुरटी चोळतो.

परवाही लढत सुरू झाली, पण त्याचा आवाज चढेना. तिसऱ्या राउंडला त्याने वस्तरा खाली ठेवला आणि स्वतःच्याच हनुवटीला मूठ टेकवली.

“हंय बसलो तेचो ठोसो. मी पडलंय. दहा मोजून झाले तरी उठूक नाय.”

“अरे, दर खेपेला तूच जिंकतोस की!” मी म्हटलं.

तो ब्रशने वाटीतला फेस घुसळू लागला.

“आज तेचो बारावो, मास्तरांनू. आज तेका जिंकांदे.”