टाकीतल्या घोंग्या आणि माझं पत्रक

जूनच्या अखेरीस मी एक पत्रक लिहिलं. त्यात मधोमध ठळक अक्षरांत होतं: गोगलगाय दिसेल तिथे मारा. मीठ टाका, चुना टाका, दया दाखवू नका.

ते वाक्य मला फार आवडलं होतं. गावात शंखी गोगलगायींनी उच्छाद मांडला होता. मुठीएवढ्या, तपकिरी पट्ट्यांच्या. संध्याकाळी बांधावरून निघायच्या आणि सकाळपर्यंत पडवळाचा वेल, पपईची रोपं, झेंडू, सगळं सपाट. सरकारी माणूस एकदा येऊन फोटो काढून गेला. म्हणून मी पत्रक काढलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पिठाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर स्वतः खळ लावून चिकटवलं.

मला दुसरं येतंच काय? मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबांनी कारखान्याविरुद्ध पत्रकं काढली, नळाच्या पाण्यासाठी काढली, बंद पडलेल्या एसटीच्या फेरीसाठी काढली. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. पत्रकात 'पण' लिहायचा नाही, असं बाबा सांगत. 'पण' आला की वाचणारा चपला घालून निघतो.

आता टाकीचं सांगते. गावाच्या वरच्या अंगाला, कातळावर, माझ्या काकीची आंब्याची बाग आहे. काका मुंबईला नोकरीत, त्यामुळे बाग काकीच बघते. राखणीला नेपाळच्या तराईतलं एक जोडपं आठ वर्षं तिथेच राहतंय. त्यातल्या बाईंना आम्ही सगळे दिदी म्हणतो. फवारणीच्या पाण्यासाठी बांधलेली जुनी चिऱ्यांची टाकी बागेत होती. प्लास्टिकची नवी आल्यावर ती नुसतीच शेवाळत पडली. दोन वर्षांपूर्वी दिदीने भाताच्या मळ्यातल्या पाण्यातून ओंजळभर गोगलगायी आणून तिच्यात सोडल्या. तिच्या गावी त्यांना घोंगी म्हणतात आणि आवडीने खातात. काकी आधी "शी" म्हणाली. मग रोज जाऊन बघायला लागली. मग भाताचा कोंडा टाकायला लागली. मिरकरवाड्याच्या बंदरातल्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी पुष्कळ. गेल्या ऑगस्टमध्ये पावसाळी बंदी उठून बोटी सुटल्या तेव्हा त्यातलेच दोघे बादली घेऊन आले आणि काढलेला सगळा माल विकत घेऊन गेले. तेव्हापासून टाकी दोघींची झाली.

मला हे सगळं ठाऊक होतं. मी त्या घोंग्या खाल्ल्याही होत्या, जवसाच्या वाटणातल्या, शेंडा कापलेल्या शंखातून चोखून. तरी पत्रक लिहिताना टाकी एकदाही डोक्यात आली नाही. माझ्या लेखी त्या जेवण होत्या, कीड नव्हे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आबा काकीच्या फाटकाशी आले. बागेच्या खालच्या अंगाला त्यांचा भाजीचा मळा. आबा भांडखोर नाहीत, पण त्या सकाळी त्यांची पपईची एकूण एक रोपं गेली होती. हातात माझं पत्रक होतं.

"वयनी, ह्या वाचलंस? तुझ्याच पुतणीन लिवलाय. दिसेल तिथं मारा. आनि तू वर टाकी भरून पाळतेस?"

"त्या पाण्यातल्या हायत, आबा."

"रात्री पान्यातून भायेर येत नसतील कशावरून? तू जागी असतेस?"

त्यांच्याबरोबर आलेला एक जण हसत म्हणाला, "गुरख्यांनी येताना आनला असल सोबत. राखण करतायत ना, आता किड्यांची पन करतात."

दिदी तिथेच कोंड्याची पाटी घेऊन उभी होती. आबांना त्या माणसाचं बोलणं आवडलं नसावं, त्यांनी त्याला गप्प केलं. तरी जाताना म्हणाले, "पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरवू. सभा म्हनली तर टाकीत चुना पडल. तोवर मी हात लावायचा नाय."

काकीने हे सगळं फोनवर सांगून मला बोलावून घेतलं. मी तावातावाने गेले, मनात दुसऱ्या पत्रकाचा मथळाही तयार: परक्यांवर खापर फोडणाऱ्यांनो, लाज बाळगा.

"दुसरा कागद नको गो," काकी म्हणाली. "पयला मागं घे."

"मी कशाला मागे घेऊ? ते चूक बोलतायत."

"ते तूच लिवलेला वाचतायत."

दिदी पाटी खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "ताई, चुना पडला तर सगळी मरणार. मग मी इथे नाही राहणार. देवगडकडचा एक बागवाला बोलावतोय आमाला. इथे मला ती टाकीच आपली वाटते." काकीने मान फिरवली. दिदी गेली तर काकी त्या कातळावर एकटी उरणार होती, हे तिघींनाही कळत होतं.

घरी आल्यावर मला वेगळीच भीती वाटायला लागली. आबा बरोबर असतील तर? घोंग्या खरंच रात्री बाहेर पडत असतील तर? मी तर कधी पाहिलं नव्हतं. शेवटी स्वतःशी ठरवलं, की आधी बघायचं. त्या पानं खात असतील तर सभेत उभं राहून ते मीच सांगायचं, काकी आयुष्यभर बोलली नाही तरी चालेल.

दुसऱ्या सकाळी टाकीवर गेले. दिदीने आदल्या संध्याकाळी नारळाच्या झावळ्या पाण्यात सोडून ठेवल्या होत्या. तिची काढणीची रीत अशीच आहे: झावळी अलगद वर उचलायची, पातींना घोंग्या लगडलेल्या असतात, त्या घमेल्यात झाडायच्या. तिने एक माझ्या तळहातावर ठेवली. मी बोट लावताच घोंगी आत गेली आणि शंखाच्या तोंडावर शिंगाच्या चकतीसारखं पातळ, तांबूस झाकण बसलं.

"दार लावलं," दिदी म्हणाली.

आबांच्या बांधावरून मी एक शंखी उचलून आणली. तिला झाकण नव्हतंच. तोंड उघडं, आत नुसता फेस.

दोन जाळीचे डबे घेतले. एकात शंखी, एकात दहा-बारा घोंग्या. दोन्हींत ओली माती आणि पपईचं एकेक पान. दिवसभर मी डब्यांकडे बघितलं नाही. दुसऱ्या सकाळी उघडले तेव्हा शंखीच्या डब्यात पानाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. घोंग्यांच्या डब्यातलं पान जसंच्या तसं, आणि घोंग्या झाकणं लावून सुपाऱ्यांसारख्या पडलेल्या. मी पायरीवरच बसले. मला हसू येत होतं. दिदीने दोन-तीन डब्यातच ठेवून बाकीच्या पुन्हा पाण्यात टाकल्या. थोड्या वेळाने एकेक दार उघडून चालायला लागल्या.

ग्रामसभा झेंडावंदनानंतर शाळेच्या वर्गात भरली. मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अडकून बसलेली. माझा विषय आला तेव्हा मी उठले आणि आधी पाठ केलेलं सगळं सोडून म्हटलं, "पत्रकातलं एक वाक्य चुकलंय आणि ते मी लिहिलंय. मी सगळ्या गोगलगायी एकाच मापाने मोजल्या. मारायची आहे ती जमिनीवरची, झाकण नसलेली. टाकीतली वेगळी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डबे आणलेत, बघा."

"बाप छापायचा, लेक परत घेते," मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. माझे कान तापले, पण मी खाली बसले नाही.

आबा पुढे आले. घोंगी उचलून त्यांनी आगकाडीने झाकणावर टोचलं. बराच वेळ टोचत राहिले.

"कडी लावून बसलीय," ते म्हणाले.

"तुमची सून लावते तशी," मागच्या बाकावरून एक म्हातारा.

"तुमच्यासारखे सासरे असले की लावावीच लागते," बायकांतून उत्तर आलं. या वेळी आबाही हसले.

मग त्यांनी दोन्ही डब्यांतली पानं उजेडात धरून पाहिली. "मग माझी रोपा खाल्ली कोनी?"

दिदी दाराशी उभी होती. ती पहिल्यांदाच सभेत बोलली. "आबा, तुमच्या सोडणांच्या ढिगाखाली बघा. मला दिसतात सकाळी, तिथेच जातात." सोडणं म्हणजे नारळाची सालं. आबांच्या मळ्याच्या कोपऱ्यात त्यांचा दोन वर्षांचा ओला ढीग होता.

सभा तशीच उठून मळ्यात गेली. आबांनी फावड्याने ढिगाची एक बाजू ओढली आणि आत त्या होत्या. थरावर थर, वाटाण्याएवढी पांढरी अंडीसुद्धा. आबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "चुना हितंच आना," ते म्हणाले. ज्याने गुरख्यांवरून टोमणा मारला होता, त्याच्याच खांद्यावर पहिली गोणी आली. दिदीची माफी मात्र त्याने मागितली नाही. ते मला अजून खुपतं.

संध्याकाळी मी पेन घेऊन गावभर फिरले. चिकटवलेल्या प्रत्येक पत्रकावर, त्या ठळक वाक्याच्या शेजारी, 'जमिनीवरची, झाकण नसलेली' असं हाताने लिहिलं. दिसायला ते वाईट दिसत होतं. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अक्षर नीट काढलंस ना?"

पुढच्या दोन सकाळी आम्ही तिघींनी झावळ्या काढल्या. काढलेल्या घोंग्या स्वच्छ पाण्यात ठेवायच्या, पाणी बदलत राहायचं, म्हणजे पोटातला गाळ निघून जातो. तिसऱ्या दिवशी बंदरावरून खलाशी आले. त्यांच्या बादल्या भरण्याआधी दिदी वेचायला बसली. लहान घोंग्या नेहमीच परत पाण्यात जातात. त्या दिवशी ती मोठ्याही बाजूला काढत होती, जड, पोटात पिल्लं असलेल्या.

"त्या का ठेवतेस?" काकीने विचारलं. "त्यांनाच तर भाव हाय."

"पुढच्या वर्षाला," दिदी म्हणाली, आणि ओंजळ पाण्यात सोडली.

काकी उठली, घरातून कोंड्याची पाटी घेऊन आली आणि टाकीच्या काठावर दिदीशेजारी बसून मुठीमुठीने टाकत राहिली.