चिमट्याचा आळ

हैदर पिंजाऱ्याच्या गादीवर झोप चांगली लागते आणि हैदरच्या तोंडी लागलं की झोप उडते, असं बारामतीत म्हणतात. दोन्ही खरं आहे.

भिगवण रस्त्यावरून आत वळलं की त्याचं पत्र्याचं दुकान. वर पाटी, 'हैदर गादी कारखाना'. कारखाना म्हणजे कापूस पिंजायचं एक यंत्र, वीतभर लांब दाभण आणि डावा पाय पुढं लांब टाकून बसलेला स्वतः हैदर. तो गुडघा वाकत नाही. माणूस पारखायचा तर त्याची जुनी गादी उसवून बघावी, हे हैदरचं मत. बंगलेवाल्या बाया 'आतला कापूस अगदी चांगला आहे हं' म्हणत गादी टाकून जातात आणि हैदरनं टाके उसवले की आतून निघतात फाटक्या लुगड्यांच्या चिंध्या आणि पोरांचे मोजे. वर मात्र फुलाफुलांचं सॅटिन. अशा गाद्या उसवून उसवून हैदरचा माणसांवरचा विश्वास उडालेला होता, आणि तो परत बसावा असं कुणी काही केलं नव्हतं.

शुक्रवारी नमाजानंतर तो दुकानातला पडदा ओढून घ्यायचा. घरच्या फ्रिजमधून आणलेली औषधाची छोटी बाटली तोवर गार राहिलेली नसायची. सुईत औषध ओढायचं, पोटाची कातडी चिमटीत धरायची, सुई खुपसायची, औषध सोडायचं, की झालं. शेजारच्या हॉटेलच्या सर्जेरावांनी एकदा पडद्याच्या फटीतून हे पाहिलं आणि संध्याकाळच्या आत सगळ्या आळीला कळवलं, की हैदर नशापाणी करतो. पुढच्या आठवड्यात कुणी जरा शहाणं भेटलं. ते म्हणालं, नशा न्हाय, शुगर हाय. मग जो तो येऊन कारल्याचा रस सांगू लागला. हैदरनं कुणाचंच म्हणणं खोडलं नाही. मडक्यात जेवढं मावतं तेवढंच ओतावं, असं तो म्हणायचा.

खरी गोष्ट अशी, की हैदरचं रक्त थांबत नाही. तुमचंआमचं बोट कापलं की रक्त जरा वेळात गोठतं. हैदरच्या रक्तात ते गोठवणारं एक द्रव्यच जन्मापासून नाही. काही लागलं नाही तरी सांध्याच्या आत रक्त उतरायचं, गुडघा भोपळ्यासारखा फुगायचा आणि हा दात आवळून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पडायचा. त्यातच डावा गुडघा कायमचा ताठला. आता हे आठवड्याचं इंजेक्शन आल्यापासून सारं थांबलंय. आता तो दिवसभर दाभण चालवतो.

या रोगानं त्याच्या घरातला एक बळी आधीच घेतला होता. थोरला भाऊ बशीर. त्याची सुंता झाली आणि रक्त थांबेना. राख लावली, हळद लावली, फुंकर घातली. पोर गेलं. मग घरचे कर्ते पुरुष डोक्याला डोकं लावून बसले आणि त्यांनी निष्कर्ष काढला, की हज्जामाचा हात वाईट. म्हणून हैदरच्या वेळी त्यांनी काय केलं? हज्जाम बदलला. फलटणहून दुसरा आणला. हैदर जगला तो नशिबानं, पण त्या कर्त्या पुरुषांना वाटलं, आपल्या अकलेनं. त्यातला एक चुलता मरेपर्यंत मिशीला पीळ देऊन ते सांगत होता.

आणि बशीरच्या अंगावर रांगतानाच जे निळे डाग उठायचे, त्यांचं उत्तर बायकांनी शोधलं होतं. त्याची आई चिमटे काढते! कुठं आईच्या जातीला शोभतं का, असं म्हणत त्यांनी त्या बाईला उभ्या जन्मात सुखाचा घास खाऊ दिला नाही. तिनं एकदाही उलट उत्तर केलं नाही. हैदर लहानपणी आईच्या बोटांकडं टक लावून बघायचा. पुढं मोठेपणी डॉक्टरांनी त्याला सगळं समजावून सांगितलं, तेव्हा ती बोटं कबरीत होती.

डॉक्टरांनी आणखीही एक सांगितलं होतं. हैदरच्या मुलीला त्रास होणार नाही, पण दोष तिच्यात असणारच, आणि तिच्या मुलाला तो होऊ शकेल. हैदरला एकच मुलगी, मुबशिरा. तिचं लग्न ठरताना हैदर हे बोलायला निघाला, तर बायको शहाजादीनं त्याच्यापुढं पदर पसरला.

"अवो, रक्ताचा रोग म्हनलं की पोरगी घरात बसंल. सांदेदुखी हाय म्हना. खोटं थोडंच हाय? दुखत्यातच की सांदं."

जगाला तोंडावर नालायक म्हणणारा हैदर तिथं गप्प बसला. मुलीलाही सांधेदुखीच सांगितली. या एका गोष्टीपुरता त्याला स्वतःचा जेवढा तिटकारा होता, तेवढा सर्जेरावांचाही नव्हता.

सोयरीक जुळली ती इंदापूरच्या दस्तगीर तांबोळींशी. मंडप डेकोरेशनवाले. लग्नाच्या गाद्या, लोड, झालरी भाड्यानं देणारे. त्यांच्या गाद्या हैदरकडंच भरायला यायच्या, त्यामुळं माणूस आतून काय आहे ते त्याला आधीच माहीत होतं. दस्तगीरभाईंच्या घरात काहीही झालं तरी मंडप पडायचा. म्हैस व्याली तरी दारात झालर लागेल, असं हैदर म्हणायचा. जावई इरफान गरीब मुलगा. इतका गरीब, की शिंकायच्या आधी बापाकडं बघायचा.

नातू अमन वर्षाचा होत आला आणि दस्तगीरभाईंचा फोन आला. पोराची सुंता करायची. जंगी कार्यक्रम. पोराला बसवायला हिरव्या मखमलीची छोटी गादी पाहिजे, ती नानाच्याच, म्हणजे आईच्या बापाच्याच हातची पाहिजे. त्याच दुपारी मुबशिराचा फोन आला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"अब्बा, अमन रांगाय लागलाय. गुडघ्यावर, मांडीवर निळं निळं उठतंय त्याच्या. सासू सगळ्यास्नी सांगतीय, मी चिमटं काढते म्हनून. मी कशाला चिमटं काढू, अब्बा?"

हैदरच्या हातातलं दाभण तसंच राहिलं. तेच डाग आणि तेच शब्द. तो म्हणाला, "पोराला खाली सोडू नगं. मी येतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो इंदापुरात. दस्तगीरभाई खुर्चीत बसून झालरींचे रंग ठरवत होते. हैदरनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. बशीर, गुडघा, पुण्याचा दवाखाना, इंजेक्शन. आधी पोराचं रक्त तपासा, तोवर वस्तरा लावू नका, म्हणाला. मुबशिरा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडत चालला होता.

दस्तगीरभाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हैदरभाई, तुमी तर ठणठणीत हाय. दिसभर दाभण घिऊन बसता. रक्त थांबत न्हाय म्हनता, मग मेला कसं न्हाय?"

"इंजेक्शन हाय म्हनून."

"आन् लग्नात तर सांदेदुखी म्हनला हुता. तवा खरं बोलला का आता?"

औषधानं त्याला इतकं बरं ठेवलं होतं, की आजारी असल्याचा पुरावाच उरला नव्हता, आणि जो काही उरला होता तो हैदरच्या आणि शहाजादीच्याच खोटेपणानं खाल्ला होता.

"आमच्या खानदानात रक्त घट्ट हाय," दस्तगीरभाई म्हणाले. "आन् एवढ्याशा लेकराला तपासायला सुई टोचायची? नजर लागंल."

सुई नको आणि वस्तरा चालतो! हैदरनं कपाळाला हात लावला. तरी दस्तगीरभाई अगदीच ऐकत नव्हते असं नाही. व्याह्याच्या शब्दाला मान म्हणून ते थोडा विचार करून म्हणाले, "बरं, तुमाला एवढी काळजी हाय, तर असं करू. हितला हज्जाम नगं. अकलूजचा बोलवू. लई नावाजलेला हाय."

हज्जाम बदलू! मधल्या काळात माणसं चंद्रावर जाऊन आली होती, आणि दस्तगीरभाई हज्जाम बदलत होते. हैदर उठला. जाताना त्यानं जावयाला बाजूला घेतलं, तर तो म्हणाला, "अब्बाला इचारतो." मुबशिरा पोराला घेऊन बापाबरोबर निघाली, तर सासू बिस्मिल्लाबी उंबऱ्यात आडवी उभी. "पावनं सांगून झाल्यात. पोर न्यायचं न्हाय."

हैदर बारामतीला परतला आणि गादी शिवायला बसला. शहाजादीला वाटलं, नवरा हरला. तिनं पदर डोळ्यांना लावला. तो तिला म्हणाला, "रडू नगं. मूर्खाला समजावत बसायचं नसतं. मूर्खाच्या हाताखाली जो काम करतो, त्याला भ्या घालायचं." आणि त्यानं हिरव्या मखमलीत नवाकोरा, एक सरकी नसलेला कापूस भरला.

कार्यक्रम शुक्रवारचा. नमाज झाली, मंडप माणसांनी भरला. झालरी, गुलाबपाणी, कर्ण्यावर गाणी. अमनला जरीची टोपी आणि मोत्यांची माळ घालून आणला. हज्जाम पेटी उघडून बसला. आता पोराला गादीवर ठेवणार, तेवढ्यात ताठ पाय ओढत हैदर पुढं आला आणि त्या वीतभर गादीवर स्वतःच बसला.

लोक हसले. नानाला म्हातारचळ लागला म्हणाले. हैदरनं थर्मासच्या डब्यातून काढून खिशात उबेला ठेवलेली बाटली बाहेर काढली, सुईत औषध ओढलं आणि चारचौघांत सदरा वर केला.

"अवो, हे काय?" दस्तगीरभाई ओरडले. "गर्दुल्ल्यागत काय करता? चारचौघांत इज्जत काढता माझी?"

हैदरनं त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. तो हज्जामाशी बोलत होता, शेजारी चहा प्यायला बसावं इतक्या सहज.

"मामू, हे रक्त थांबायचं औषध. ह्याच्याबिगार मी मरतो. माझा थोरला भाऊ सुंतेत मेला. हे पोर माझ्या पोरीचं. मांडीवरचं निळं डाग तुमीच बघा. आता तुमाला वाटलं तर लावा वस्तरा. फकस्त एक ध्यानात ठेवा. रक्त न्हाय थांबलं तर हे मंडपवालं मंडप सोडत्याल आन् घरी जात्याल. पोलीस तुमाला इचारत्याल. आन् मी फौजदाराला सांगनार, की मी ह्यास्नी समद्यांदेखत सांगितलं हुतं."

एवढं बोलून त्यानं पोटाची कातडी चिमटीत धरली आणि सुई खुपसली. मंडपात कुणीतरी कर्णा बंद केला.

हज्जामानं पोराची मांडी बघितली. मग दस्तगीरभाईंकडं बघितलं. मग पेटी बंद केली. दस्तगीरभाईंनी विनवलं, वर चांगली बिदागी देऊ केली, नावाजलेला म्हणता म्हणता शिव्या दिल्या. तो चपला शोधत म्हणाला, "सायेब, दवाखान्याचा कागद आना, मग बोला. मला बी लेकरंबाळं हायती."

पाव्हणे बिर्याणी खाऊन आणि आठवडाभर पुरेल एवढा विषय घेऊन घरी गेले.

मंडपाची अब्रू गेल्यावर कागद आणणं भाग होतं. 'आमचं रक्त घट्ट' हे सिद्ध करायलाच दस्तगीरभाई स्वतः पुण्याला गेले. रिपोर्ट आला. अमनला तोच आजार होता, नानासारखाच, पुरता. त्यानंतर दस्तगीरभाई भेटेल त्याला सांगू लागले, "मला आधीच शंका आलती, म्हनून मीच सुंता थांबवली." हैदरच्या कानावर ते आलं. तो म्हणाला, गादीचा कापूस बदलता येतो, माणसाचा येत नाही.

दवाखान्यानं अमनलाही तेच औषध सुरू केलं. पहिली इंजेक्शनं तिथं झाली, मुबशिरा शिकली, आणि मग घरी द्यायची वेळ आली, तेव्हा बापानं शेजारी बसावं म्हणून तिनं त्याला बोलावलं. इंदापूरच्या त्या घरात सगळे जमले होते. दस्तगीरभाई तोंड फिरवून झालरी मोजत होते. इरफाननं मात्र बापाकडं न बघता पोराला मांडीवर घट्ट धरलं होतं. हैदरनं तेवढं ध्यानात ठेवलं. मुबशिरानं सुई भरली. तिची बोटं अमनच्या मांडीशी गेली आणि थबकली. सासू समोरच बसली होती.

हैदर बघत होता. त्याच्या आईचीही बोटं अशीच बारीक होती.

"थांब मुबशिरा," तो म्हणाला. "इहीनबाई, तुमी पुढं या."

बिस्मिल्लाबी बिचकत पुढं आली.

"औषध कातडीखाली जायला पायजे. त्यासाठी मांडीला चिमटा घ्यावा लागतो. दर आठवड्याला, पोर जगंल तवर. घ्या."

"मी?"

"तुमीच. चिमट्याचं तुमाला समद्यात जास्त ठावं हाय."

तिनं हात पुढं केला. अमनच्या मांडीवर अजून एक डाग होता, पिवळा पडत चाललेला. त्याच्या शेजारची मऊ कातडी तिनं दोन बोटांत उचलली आणि ती मान खाली घालून रडायला लागली. मुबशिरानं सुई टोचली. पोरगं क्षणभर कळवळलं आणि हैदरच्या दाढीला लोंबकळलं.

"सोडू नका," हैदर म्हणाला. "सुई निघंपतूर धरून ठेवा."

तिनं धरून ठेवला.