सगळं हिरवं होतं तेव्हा

हिरव्या रंगावरचा माझा विश्वास एका खंडेनवमीला उडाला.

तुर्भ्याला आमचं छोटं ऑफिस आहे. घरी आजारी असलेल्या माणसांवर नजर ठेवणारं एक ॲप आम्ही चालवतो. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावायचा; तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो आणि आकडा आमच्या सर्व्हरवर येतो. आकडा घसरला की घरच्यांचा फोन वाजतो. पण ॲपच अडखळलं, आकडे यायचे थांबले, तर आमचा फोन वाजायला हवा. ती व्यवस्था लावणं माझं काम. नेरुळला एकटे राहणारे माझे वडील आमच्या पहिल्या रुग्णांपैकी. तळोज्याच्या कारखान्यात फिटरकी करता करता त्यांच्या फुप्फुसांची वाट लागली होती.

भिंतीवरच्या स्क्रीनवर त्यांची रेघ दिवसभर माझ्यासमोर असायची. खोकले की खड्डा, मग चढ. डुलकी लागली की सपाट. बापाच्या श्वासावर अशी पाळत ठेवणं मला आवडायचं नाही, पण डोळे तिकडेच जायचे.

आमचे अलार्म फार कांगावखोर होते. जरा खुट्ट झालं की ठणाणा. साहेब वैतागले. "उगाच टेन्शन देतं यार हे. गप कर त्याला." मग आम्ही एक सोय केली. नवे आकडे यायला उशीर झाला, तर ॲपने साठवलेले मागचे आकडे दाखवत राहायचं. पान झटकन उघडू लागलं, फोन गप्प झाला, साहेब खूश.

खंडेनवमीला ऑफिसात हत्यारांची पूजा झाली. आमची हत्यारं म्हणजे लॅपटॉप आणि फोन. सगळी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. "आता संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाय," साहेबांनी बजावलं. भिंतीवरची स्क्रीन तेवढी चालू होती.

आरती सुरू झाली. टाळ्या वाजवता वाजवता मी वर पाहिलं. सगळं हिरवं, म्हणजे सगळं ठीक. पान उघडायचा वेग तर नेहमीपेक्षा चांगला. बाबांची रेघही चालली होती. खोकला, खड्डा, चढ, थोडं सपाट. मग पुन्हा खोकला, तोच खड्डा, तेवढाच चढ, तेवढंच सपाट. मग पुन्हा तेच. माझ्या टाळ्या थांबल्या. कोणताही माणूस दोनदा अगदी सारखा खोकत नाही.

बाबांकडून आकडे येत नव्हते. कधीपासून, देव जाणे. स्क्रीनवर त्यांचा जुनाच श्वास पुन्हा पुन्हा चालला होता.

मी पाटावरून फोन उचलला. "अगं, आरती तरी होऊ दे!" साहेब ओरडले. मी आरतीला हात जोडायलाही थांबले नाही. बाबांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. खाली उतरून रिक्षा पकडली. रस्त्याला हार घातलेले ट्रक उभे होते, चाकांखाली लिंबं ठेवलेली. हातातल्या फोनवर, कुंकवाच्या डागाखाली, बाबा एका लयीत खोकत होते.

माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बाबा धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले होते. समोर पाटावर त्यांचे फिटरकीचे जुने पाने, कानस, फोन, आणि मधोमध तो बोटाचा चिमटा. त्यालाही हळदकुंकू.

"बाबा, हे काय? फोन का नाही उचलला?"

"आज हत्याराला हात लावत्यात व्हय, पोरी? ज्याच्या जिवावर जगतोय त्याची पूजा नको करायला?"

मी चिडले, रडले, तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातला फोन घेऊन चष्मा लावला.

"ही माझी रेघ?"

"हो."

त्यांनी श्वास रोखून धरला. लहान मुलासारखे गाल फुगवून ते रेघेकडे बघत राहिले. रेघ खोकली, खाली गेली, वर आली. बाबांचा चेहरा लाल व्हायला लागला, तरी ती आपली चालतच होती. शेवटी त्यांनी श्वास सोडला आणि फोन माझ्याकडे दिला.

"म्हंजी मी गेलो तरी तुला मी बराच दिसत राहनार," ते हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी त्यांच्या नाकाखाली बोट धरलं, आणि श्वास लागला तरी काढलं नाही.