नैवाशाचा रिकामा दिवस

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आता ऐंशी ओलांडली, आणि एक चांगली गोष्ट माझ्या नावावर चुकीची जमा आहे... ती दुरुस्त करायची म्हणून हे लिहितोय.

स्वारगेटजवळ माझी छोटी टूर कंपनी होती. हिंजवडीत आयटी कंपन्या नुकत्याच यायला लागल्या होत्या आणि मुलांच्या पगारावर आईवडील पहिल्यांदाच परदेशी निघत होते. मी केनियाची सफारी काढली. प्लॅन एकदम गच्च. रिकामा दिवस दिसला की पुणेकर विचारणारच, "या दिवशी काय दाखवणार?" म्हणून आधी अंबोसेली, मग नाकुरू, आणि दुसऱ्याच सकाळी खडबडीत रस्त्याने थेट मसाई मारा.

निघण्याआधी सगळ्या प्रवाशांना बोलावून माहिती द्यायची आमची पद्धत होती. रविवारची सकाळ, सदाशिव पेठेतला हॉल, चहा आणि बटाटेवडे. मी नकाशावर रस्ता दाखवत होतो. पहिल्या रांगेत, माझ्या पत्नीच्या – मालतीच्या – शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. जांभळं लुगडं, जाड चष्मा. त्या शांतपणे म्हणाल्या, "नाकुरूनंतर एक दिवस नैवाशाच्या तळ्याकाठी थांबा. वाघमाऱ्यांना नुसतं बसू द्या."

"बाई, नुसतं बसायला आफ्रिका कशाला? सारसबागेत बाक आहेत की!" मी म्हणालो.

हॉल खो खो हसला. मी नकाशाकडे वळलो, परत पाहिलं तर त्या तिथे नव्हत्या.

घरी जाताना मालतीने विचारलं, "अहो, मधेच ते सारसबागेचं काय काढलंत?"

"तुझ्या शेजारच्या बाईंना उत्तर दिलं ना!"

"शेजारी कोण होतं? त्या खुर्चीवर माझी पर्स होती."

मला वाटलं, थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी आणखी दोघातिघांना विचारलं. माझं उत्तर सगळ्यांनी ऐकलं होतं. प्रश्न कुणीच ऐकला नव्हता. आणि आमच्या ग्रुपमध्ये वाघमारे नावाचं कुणी नव्हतंच.

थकवा असेल म्हणून मी विषय सोडला.

त्याच आठवड्यात एका जोडप्याने बुकिंग रद्द केलं. लगेच हिंजवडीचा एक तरुण इंजिनिअर ऑफिसात आला. "काका, आईबाबांसाठी दोन जागा मिळतील? बाबा नागपूरला सरकारी नोकरीत होते, रिटायर झालेत. कधी कुठे फिरलेच नाहीत."

"आडनाव?"

"वाघमारे."

मी दोन्ही जागा लिहून घेतल्या. तो गेल्यावर मी नैरोबीच्या एजंटला फोन करून नैवाशाला एक दिवसाचा मुक्काम घालून घेतला. ग्रुपमधले जोशी भडकलेच. "म्हणजे दिवसभर बसायचं? मग सारसबागच बरी की हो, व्हिसा तरी लागत नाही!" मी खोटंच सांगितलं की अनुभवी माणसं सफारी अशीच आखतात, दमून गेलं तर सिंहसुद्धा नीट दिसत नाही.

नाकुरूहून आम्ही संध्याकाळीच नैवाशाला पोचलो. दुसऱ्या दिवशी, त्या रिकाम्या सकाळी, वाघमारे तळ्याकाठी झाडाखाली बसले होते. पाणघोडे बघता बघता त्यांच्या छातीत कळ आली. गाडी दारातच उभी होती, नैरोबीचा रस्ता चांगला होता. दोन तासांच्या आत ते हॉस्पिटलात होते. डॉक्टर म्हणाले, "माराच्या रस्त्यावर असतात तर अवघड होतं." जुन्या प्लॅनप्रमाणे त्या वेळी आम्ही त्याच रस्त्यावर असतो.

पुण्यात परतल्यावर ग्रुपने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ. जोशी स्वतः उठून म्हणाले, "याला म्हणतात प्लॅनिंग!" मी मान लववून सगळं घेतलं. पुढे कितीतरी वर्षं निवांत सफारी ही माझीच कल्पना म्हणून विकली. मालती जाईपर्यंत अधूनमधून म्हणायची, "सांगून टाका हो एकदा वाघमाऱ्यांना."

गेल्या महिन्यात शेवटी वाघमाऱ्यांकडे गेलो. नव्वदीला टेकलेत, हडपसरला मुलाकडे असतात. सगळं सांगितलं. ते बौद्ध, पक्के बुद्धिवादी. आधी बाईंचं वर्णन पुन्हा विचारून घेतलं, मग सावकाश म्हणाले, "आमच्या घरात अशा कुणी नव्हत्या, साहेब. आईला चष्मा नव्हता, आजीला मी पाहिलेलंच नाही. आणि भूत वगैरे मी मानत नाही."

"मीही मानत नव्हतो. पण मी शहाणपणाने नाही हो वागलो, नुसता घाबरलो होतो. ते श्रेय माझं नाही."

ते हसले. "घाबरलात ते बरं झालं. नात सायकल शिकली ना, तेव्हा मागून धरायला मी होतो."

त्या बाई कोण, हॉलमध्ये कशा आल्या, न आलेल्या माणसाचं नाव त्यांना कसं कळलं... मला आजही माहीत नाही. विचार करायचंही सोडलंय. ज्यांनी तेव्हा शाल दिली त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगतो – तो दिवस त्या बाईंनी दिला होता. त्यांचे आभार मी इतक्या वर्षांत एकदाही मानले नाहीत. ते इथे मानतो.