गगनबावड्याचा पावणा

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, त्यांनी माझा व्हिडिओ गेम बंबात घालून जाळला तेव्हा मी आठवीत होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. मामानं मुंबईहून आणलेला टीव्हीगेम होता तो. करड्या रंगाचा डबा, दोन रिमोट आणि वर खोचायच्या कॅसेटी. त्यातल्या एका खेळात एक बारका शिपाई किल्ल्यातून उड्या मारत जायचा. आमच्या गल्लीत कुणालाही शेवटचा दरवाजा दिसला नव्हता. कुठं अडलं की पोरं मला बोलवायला यायची. "ताई, तेवढं पूल पार करून दे की." मी द्यायचे. त्या सुट्टीत गल्लीत माझ्याएवढा मान कुणाला नव्हता, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

त्या दुपारी शेवटचा दरवाजा उघडला. मागं पोरं श्वास रोखून बसलेली. नेमके त्याच वेळी हातकणंगल्याचे कुणी गिऱ्हाईक आबांकडं कारखान्याच्या कामासाठी आले. ते दारात उभे राहिले, त्यांनी हाक मारली, पाणी मागितलं. मला खरंच ऐकू आलं नाही. आबा उद्यमनगरातल्या आपल्या कारखान्यातून जेवायला आले ते त्यांच्या पाठोपाठच.

"पावणं दारात उभं, आणि ही ठोकळ्यात डोळं घालून बसलीया!"

त्यांनी वायर ओढली. पडदा काळा झाला. मला वाटलं, आता कपाटावर टाकून ठेवतील, चार दिवसांनी काकी काढून देईल. पण आबा डबा, रिमोट, कॅसेटी असं सगळं उचलून परसात गेले. बंब सकाळपासून विझलेला होता. त्यांनी तो मुद्दाम पेटवला. लाकडं घातली, वरून रॉकेल ओतलं, आणि माझ्यासमोर एकेक वस्तू नळकांड्यात सोडली. प्लास्टिकचा काळा धूर शेजारच्या परसात गेला. काकी म्हणाली, "अहो, पोरीचा हाय तो." माझे वडील खांबाला टेकून उभे होते. ते आबांच्याच कारखान्यात काम करायचे.

पाणी तापल्यावर आबांनी त्याच पाण्यानं अंघोळ केली. बाहेर येऊन अंग पुसत म्हणाले, "झकास तापलंय आज."

इथवर असतं तर मी कदाचित विसरले असते. पण आबांनी त्याची गोष्ट केली. लग्न असो, बारसं असो, जेवणाची पंगत उठली आणि पान हातात आलं की आबा सुरू व्हायचे. "हिचं खूळ मी बंबात घातलं, म्हणून ही आज बँकेत खुर्चीवर बसलीया." लोक हसायचे. मीही हसल्यासारखं करायचे. माझ्या लग्नात त्यांनी ती गोष्ट माझ्या सासरच्या माणसांना सांगितली, हातवारे करून, पाणी झकास तापलं होतं इथपर्यंत. माझा अभ्यास, माझ्या परीक्षा, रोज एसटीनं केलेलं जाणं-येणं, सगळं त्या बंबाच्या खात्यावर जमा झालं.

आणि वेळ वाया जाण्याबद्दल ते बोलायचे! संध्याकाळी पानपट्टीवर उभं राहून कोण आमदार पडणार आणि कोण फुटणार यावर तास घालवणारा माणूस. रविवारी तांबडा-पांढरा रस्सा ओरपून उन्हं कलेपर्यंत पत्ते कुटणारा माणूस. त्या वेळेचा हिशोब कुणी मागितला नाही. खेळानं मला एकाग्रता शिकवली, बोटं चपळ केली, असलं काही मी सांगणार नाही. त्याला उपयोग चिकटवला की मी आबांच्याच बाजूला जाऊन उभी राहते. मजा यायची, एवढंच. ती मजा माझी होती.

मग वर्षं गेली. आबा म्हातारे झाले. नृसिंहवाडीला दर्शनाला गेले असताना घाटाच्या ओल्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. कारखाना चुलतभाऊ बघायला लागला. आबांची कॉट पुढच्या खोलीत आली, चालायला वॉकर आला, आणि करमणुकीसाठी चुलतभावानं एक मोठा मोबाईल आणून दिला.

काही महिन्यांनी काकीचा फोन आला. "अगं, ह्यांना काय झालंय बघ की. जेवायला हाक मारली तर म्हणत्यात, हा डाव संपू दे. ताट गार होतंय."

मी फळं घेऊन बघायला गेले. दारात उभी राहिले, "आबा" म्हणून हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. अंगठ्यानं पडद्यावर काहीतरी मागं ओढत होते, सोडत होते. जरा वेळानं म्हणाले, "बस की. आलोच."

मी शेजारी बसून बघितलं. मोबाईलवरचा कॅरम. समोर कुणीतरी अनोळखी माणूस, कुठल्या तरी गावात बसून खेळत होता.

"आबा, गेम खेळताय व्हय?" मी विचारलं.

"गेम कसला? कॅरम हाय हा. डोकं लागतंय ह्याला." ते पडद्याकडं बघतच म्हणाले. "तुझ्या त्या ठोकळ्यागत न्हाय."

पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं खेळातलं नाव दिसत होतं. त्यांनी कारखान्याचंच नाव घातलं होतं. मी ते मनात ठेवलं, सफरचंदं काकीच्या हातात दिली आणि घरी आले.

तोच खेळ मी माझ्या फोनवर उतरवला. नाव घेतलं 'पावणा'. आधी अनोळखी लोकांशी खेळून हात बसवला. बँकेत जेवणाच्या सुट्टीत डबा लवकर संपवायचा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं. बोटांना जुनं सगळं आठवत होतं. कोन कसा घ्यायचा, घाई कधी करायची नाही, समोरचा कुठल्या क्षणी चुकतो. पुरेशी तयारी झाल्यावर मी आबांना खेळायला बोलावलं.

सुरुवातीला मी हरले. मुद्दाम. त्यांना माझी चटक लागायला हवी होती. ते खूश झाले, आणि खेळता खेळता लिहायची सोय होती तिथं त्यांनी लिहिलं, "पावणं, कुठलं?"

"गगनबावडा," मी लिहिलं.

"पाऊस हाय का?"

"समोरचं दिसत न्हाय एवढा."

"मग खेळा निवांत."

असे आम्ही दोस्त झालो. मग मी जिंकायला लागले. नुसतं जिंकून माझं समाधान होत नव्हतं. मी त्यांना जवळ येऊ द्यायचे. त्यांची एकच सोंगटी उरली, राणीही त्यांच्या तोंडाशी आली, आता आपलंच असं त्यांना वाटलं, की मी डाव संपवायचे. ते लगेच पुन्हा बोलवायचे. पुन्हा तेच. काकी फोनवर सांगायची, "कोण गगनबावड्याचा मेला हाय, त्यानं ह्यांचं जेवण गोड लागू दिलं न्हाय. उशी फेकली आज." मी म्हणायचे, "असं व्हय?" आणि फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटायचं. इतकं बरं मला पगारवाढीनंही वाटलं नव्हतं.

एकदा मीच त्यांना डिवचलं. लिहिलं, "आमची पोरं दिवसभर गेम खेळत्यात. काय करावं?"

उत्तर लगेच आलं. "बंबात घाला. मी पुतणीचा घातलाय. आज ती मला देव मानती."

मी ते वाचलं. परत वाचलं. बँकेतल्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय." तो डाव मी इतक्या थंडपणे खेळले की आबांना राणीला हातसुद्धा लावता आला नाही.

पुढं चुलतभावानं फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला सगळे जमले. जेवणं झाली, बायका-पुरुष हॉलमध्ये सतरंजीवर पसरले, आबा मधल्या खुर्चीत. माझी मुलगी एका कोपऱ्यात माझ्या जुन्या फोनवर काहीतरी खेळत होती. आबांनी तिला बोलावलं, तिच्या हातातून फोन काढून घेतला आणि सगळ्यांकडं बघत म्हणाले, "तुझ्या आईचाबी असलाच एक ठोकळा हुता. काय केलं मी त्याचं?"

गोष्ट झाली. धूर झाला, अंघोळ झाली, लोक हसले. माझी मुलगी माझ्याकडं बघत होती.

चुलतभाऊ म्हणाला, "आबा, आता तुम्हीच दिवसभर फोनवर असताय की."

"कॅरम हाय तो," आबा म्हणाले. "जोड फोन टीव्हीला, दावतो ह्यांना. एक गगनबावड्याचा पावणा हाय. लई माजलाय. आज हाणतोच त्याला."

नव्या मोठ्या टीव्हीवर कॅरमचा बोर्ड आला. आबांनी 'पावणा' या नावावर बोट दाबलं.

माझ्या हातातला फोन वाजला.

सगळ्यांच्या माना वळल्या. मी उठले, आबांसमोर जाऊन खाली मांडी घालून बसले आणि आमंत्रण स्वीकारलं. टीव्हीवर दोन्ही नावं शेजारी शेजारी आली.

"खेळा की आबा," मी म्हटलं.

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग चेहरा लाल होत गेला. पण एवढ्या माणसांसमोर नाही म्हणणंही जमेना. ते खेळले. मी अजिबात दया केली नाही. त्यांना जवळ येऊ दिलं नाही की लांबवलं नाही. राणी घेतली, तिच्यावर सोंगटी घातली आणि डाव संपवला. मग मी त्यांचा तो निरोप शोधून मोठ्यानं वाचला. "बंबात घाला. मी पुतणीचा घातलाय. आज ती मला देव मानती."

काकीनं पदर तोंडाला लावला. कोपऱ्यातून एक हसू फुटलं, नाकातून आल्यासारखं, दाबलेलं. ते माझ्या वडिलांचं होतं. थोरल्या भावासमोर ते तसे हसलेले मी कधी बघितले नव्हते.

"फसवलंस व्हय मला?" आबा म्हणाले.

"एवढे महिने खेळलो आपण. वेळ वाया गेला का तुमचा?"

त्यांनी वॉकर मागितला. चुलतभाऊ हात द्यायला पुढं झाला तर त्याला झिडकारलं. आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. सगळ्यांना वाटण्यासाठी आणलेली बासुंदी त्यांनी घेतली नाही.

नंतर बरंच ऐकून घ्यावं लागलं. आई म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं असं चारचौघांत करतात का, जाऊन पाया पड. नणंदेच्या कानावर गेलं, तिनंही सुनावलं. काकीनं फोनवर सांगितलं की आबांनी खेळ फोनमधून काढून टाकलाय, दिवसभर खिडकीतून रस्ता बघत बसतात. "तेवढंच एक हुतं त्यांना," ती म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून तो मला जास्त लागला. मी कल्पना करून बघितली: खिडकी, कॉट, मोकळा अंगठा. एक अख्खी सुट्टी मीही तशीच बसले होते. मी पाया पडायला गेले नाही.

एक गोष्ट मात्र झाली. पुढच्या लग्नात पंगत उठली, आबांच्या हातात पान आलं, कुणीतरी मुद्दाम विचारलं, "आबा, ती बंबाची गोष्ट सांगा की." आबा म्हणाले, "कुठली?" आणि पान चघळत राहिले. मला तेवढंच हवं होतं. ती गोष्ट मी त्यांच्या तोंडातून काढून घेतली होती.

गेल्या आठवड्यात बँकेत डबा खाताना फोन वाजला. आबांनी खेळ पुन्हा उतरवला होता. आमंत्रण होतं, सोबत एक अक्षर नाही. मी तसाच फोन टेबलावर ठेवला आणि भाकरीचा घास मोडला. ते वाजत वाजत बंद झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं. या वेळी खाली लिहिलं होतं, "हाय का?"

मी हात धुतले, पुसले आणि लिहिलं, "वेळ न्हाय."

रोज येतं ते आता, त्याच सुमाराला. कधीतरी मी खेळेनही. अजून तरी खेळावंसं वाटत नाही.