पाण्यातून काढलेला गणपती

मागणे पूर्ण होईपर्यंत देवाला पाण्यात बुडवून ठेवायचे, ही पद्धत मला कधी पटली नाही. आजही पटत नाही. ज्या अनुभवाबद्दल लिहिते आहे तो मात्र पाण्याने भरलेल्या अशाच एका वाटीपासून सुरू होतो.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षे. आम्ही मुलुंडला राहत होतो. वडील विक्रोळीच्या एका कारखान्यात कारकून होते. तिथल्याच लेथवर कुणीतरी मला लोखंडी गोळा काढून दिला होता. मिठागरांच्या कडेच्या मोकळ्या जमिनीवर मी रोज सकाळी तो फेकत असे. चिखल लागला की गोळा हातातून निसटतो, म्हणून तो पुसायला जुन्या धोतराचे एक पांढरे फडके कमरेला खोचलेले असे. त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा मुंबईत भरणार होत्या आणि राज्याच्या संघात माझी निवड झाली होती. खरे सांगायचे तर मला पदकापेक्षा उद्घाटनाच्या संचलनाची ओढ जास्त होती. पुढे झेंडा, बाजूला बँड आणि संघाचा कोट घालून आपण सगळ्या मैदानाला फेरी घालतो आहोत, हे चित्र मी रोज मनात पाहत होते. संध्याकाळी वडील गॅलरीत उभे राहून ‘लेफ्ट, राइट’ म्हणत आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावले टाकी. शेजारी हसत. वडील त्यांनाही सॅल्यूट ठोकत.

रंगीत तालमीला संघाच्या व्यवस्थापकांनी जाहीर केले की मुली संचलनात नसतील. त्यांनी जरीकाठी साड्या नेसून मंचापाशी उभे राहायचे आणि तबक घेऊन पाहुण्यांना कुंकू, फुले द्यायची. कोट फक्त मुलांना.

मी विचारले, “मग गोळाही पाहुणेच फेकणार का?”

बाकीच्या मुली खाली पाहून हसल्या. व्यवस्थापक हसले नाहीत. “जीभ फार चालते तुझी,” ते म्हणाले. “उद्घाटनाला तबक धरायला आली नाहीस, तर स्पर्धेलाही येऊ नकोस.”

मी जाणार नाही असे घरी सांगितले. आई चिडली. “तबक धरलं म्हणून तुझे हात झिजणार आहेत का गं? इतक्या वर्षांची मेहनत एका हट्टापायी घालवशील!” तिची भीती खोटी नव्हती. मला गोळा फेकू दिला नाही तर पुढच्या वर्षी मला कोण विचारणार होते? दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात पितळी वाटी दिसली. वाटीत पाणी होते आणि पाण्यात आमचा बोटभर उंचीचा गणपती. माझी बुद्धी फिरावी आणि मी तबक धरायला जावे, म्हणून आईने त्याला बुडवले होते. मी जाईपर्यंत तो वर येणार नव्हता.

उद्घाटनाच्या दुपारी मी घरीच होते. शेजारच्यांनी रेडिओ मुद्दाम मोठा लावला होता. बँड सुरू झाला. मी स्वयंपाकघरात बसून शेंगा सोलत होते आणि माझे पाय आपोआप ताल धरत होते. एकेका राज्याचे नाव पुकारले जाऊ लागले. आमच्या राज्याचे नाव आले तेव्हा गॅलरीत टाळ्या पडल्या. मग निवेदक म्हणाला की मंचापाशी आपल्या संघाच्या मुली फुलांची तबके घेऊन किती शोभून दिसत आहेत. त्या क्षणी मला रडू आले नाही. राग आला, आणि तो व्यवस्थापकांवर नव्हता. तो वाटीतल्या देवावर होता.

मी उठून देवघराशी गेले आणि गणपतीला पाण्यातून बाहेर काढले. हाताशी गोळ्याचे धुतलेले फडके होते, त्यानेच पुसले.

“अगं, ते लोखंडाचं फडकं!” आई ओरडली. “आणि काढलास कशाला? अजून सोहळा संपला नाही, टॅक्सीनं जा!”

“माझ्यासाठी कुणी गुदमरायचं नाही,” मी म्हणाले. “मीही नाही आणि हाही नाही.”

गणपतीला जागेवर बसवताना मी त्याला एवढेच सांगितले, की उद्या मैदानावर जायचे हे मी ठरवले आहे, पुढचे तुझे तू पाहा. मला मागायचे काही नाही. ही प्रार्थना होती असे तेव्हा मला वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी गोळा त्याच फडक्यात बांधून मी मैदानावर गेले. व्यवस्थापक मला पाहून पाठमोरे झाले. पंचांच्या यादीत माझे नाव कायम होते, ते कुणी खोडले नव्हते. अडचण वेगळीच निघाली. पाठीवर लावायचे क्रमांकाचे कापड आदल्या दिवशी उद्घाटनाआधी वाटले होते. माझे कुणी घेतले नव्हते आणि आता ते सापडत नव्हते. पंच म्हणाले, “क्रमांकाशिवाय वर्तुळात पाऊल टाकता येणार नाही. तुमची पाळी येईपर्यंत आणा.” व्यवस्थापक मला ऐकू जाईल असे म्हणाले, “मी सांगितलं होतं.”

बाजूला प्रथमोपचाराचा तंबू होता. तिथल्या परिचारिका बाई, वयस्क, मालवणकडच्या, हे सगळे ऐकत होत्या.

“काय गो, रडतस?”

“नाही.”

“मगे बरां. हातात फडकां आसा मा? दी हडे.”

मी गोळा सोडवून फडके दिले. त्यांनी ते बाकावर पसरले, जखमेला लावायच्या जांभळ्या औषधात कापसाचा बोळा बुडवला, यादीतला माझा क्रमांक विचारला आणि मोठ्या आकड्यांत लिहून टाकला. मग पट्ट्यांच्या डब्यातल्या सेफ्टी पिना काढून ते फडके माझ्या पाठीला लावले. व्यवस्थापकांनी हरकत घेतली. पंचांनी चष्मा वर करून पाहिले. “आकडा वाचता येतोय,” ते म्हणाले, “शाई कुठली हवी ते नियमात नाही.”

मी वर्तुळात गेले. गोळा मानेशी धरला तेव्हा पाठीवर ओले औषध गार लागत होते. काल ज्या कापडाने देव कोरडा केला ते आज मला चिकटले होते, हे मला तिथे उभे राहिल्यावर कळले. मी फेकला.

चौथी आले. पदक नाही. आभार मानायला तंबूत गेले. बाई अदृश्य वगैरे झाल्या नव्हत्या. कुणाच्या तरी गुडघ्याला टिंक्चर लावत होत्या. “देवाक काय नवस बोललंस?” त्यांनी विचारले. काहीच नाही, मी म्हणाले. “बरां केलंस. तेका लय कामां आसत.”

घरी मी कपडे बदलताना आईने माझी पाठ पाहिली. औषध सदऱ्यातून झिरपून आकडा कातडीवर उमटला होता. तिने फडके ओळखले. घडी घालून ती ते देवघरात ठेवू लागली.

“आई, दे इकडे,” मी म्हणाले. “सकाळी गोळा पुसायला लागेल.”

तिने दिले. देवघरातली वाटी तिने त्याच संध्याकाळी घासून डब्यात टाकली.

चमत्काराचा दावा मी करत नाही. मी संचलनात चालले नाही आणि ती उणीव कधी भरून निघाली नाही. त्या बाईंची आणि नियमापलीकडे न गेलेल्या त्या पंचांची मी ऋणी आहे. देवाचीही आहे, कारण मी काही मागितले नसताना त्याने मला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. शरण जाणे म्हणजे मान खाली घालणे, असे मला शिकवले गेले होते. त्या दिवशी मी मान ताठ ठेवून शरण गेले. आजही रोज सकाळी गणपतीला आंघोळ घालते आणि लगेच पुसून कोरडा करते.