बारा वर्षांपर्यंतची भुतं

माझ्या दुकानातून भाड्यानं गेलेला पोशाख तिसऱ्या दिवशी परत येतो आणि येताना खिशात काहीतरी घेऊन येतो. चॉकलेटचा कागद, प्लॅस्टिकचा सुळा, एकदा तर एका पोराचा खराखुरा दात! आणि प्रत्येक पोशाखाबरोबर एक किस्सा. कागद मी फेकतो. दात न्यायला आईबाप येतात. किस्सा परत मागायला मात्र आजवर कुणी आलेलं नाही, त्यामुळे ते माझ्याकडे साठत गेलेत.

दुकान दुबईत, करामा भागात, फॅन्सी ड्रेसचं. मी दहावी नापास. आधी बर दुबई भागातल्या मीना बाजारात कापड मोजायचो. हिंदी तिथं शिकलो, अरबी गिऱ्हाइकांकडून उचलली आणि इंग्रजी कपड्यांच्या लेबलांवरून. त्यामुळे माझं इंग्रजी अजूनही 'स्मॉल, मीडियम, लार्ज' असंच चालतं. यंदाचे किस्से हॅलोविनचे आहेत. त्यात एक मी स्वतः घातलेला घोळ आहे, तोही सांगतो.

*

ऑक्टोबर लागला की आयांची रांग. पोरांना भूत व्हायचं असतं, आयांना ते नको असतं.

परवा एक पुण्याच्या बाई आल्या. सोबत सहा वर्षांचा मुलगा, त्याला रक्त पिणारा व्हॅम्पायर व्हायचं होतं. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, भूतबीत नको हो. घरात देव आहेत. काहीतरी सात्त्विक पण घाबरवणारं दाखवा ना!"

आता सात्त्विक आणि घाबरवणारं असं एकाच हँगरवर मी आणू कुठून? शाळांच्या भाजी डेसाठी शिवलेलं एक वांगं पडून होतं. जांभळं, गोल, डोक्यावर हिरवं देठ. त्याला मी दोन सुळे लावून दिले.

बाईंनी किंमत विचारली, "पन्नास दिरहम म्हणजे... अकराशेच्या वर! एका वांग्याला?"

पोरगा आरशासमोरून हलायला तयार नव्हता. म्हणाला, "मम्मा, आय ॲम अ व्हॅम्पायर एगप्लान्ट!"

बाई सुटल्यासारख्या हसल्या. "चालेल. हे मी घरी करतेच, आणि तो त्याला घाबरतोच!"

*

मुद्द्यावर येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये पाच मजले, बहुतेक घरं आपली मराठी. हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं दारोदार चॉकलेटं मागत फिरतात. गेल्या वर्षी सात वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या जोशी वहिनींची बेल वाजली. दारात सहा फुटी पोरगा. मिशी फुटलेली, अंगात साधा टी-शर्ट, हातात उशीचा अभ्रा!

वहिनींनी विचारलं, "हे काय रे? काय बनून आलायस तू?"

तो म्हणाला, "टीनएजर, आंटी."

"अगं बाई! याच्याहून भयंकर काय असणार?" असं म्हणत वहिनींनी त्याला दोन जास्त दिली.

त्याच्यामागे तसेच आणखी आठ होते. शेजारच्या बिल्डिंगांमधून आलेले. साडेसातला अख्ख्या बिल्डिंगचा माल खलास. मग खरी लहान पोरं निघाली, तर घरोघर रिकामे वाडगे. चार वर्षांची एक मधमाशी जिन्यात बसून भोकाड पसरून रडत होती. तिला शेवटी कुणीतरी पोह्यांचा चिवडा दिला. मधमाशी चिवडा खात खात घरी गेली.

यंदा मीटिंग भरली.

*

मीटिंग चौथ्या मजल्यावर, कुलकर्ण्यांच्या हॉलमध्ये. कुलकर्णी विम्याच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. बिल्डिंगचा ग्रुप तेच चालवतात. त्यांच्याकडे चहासुद्धा 'टर्म्स अँड कंडिशन्स' सांगून मिळतो.

विषय एकच, चॉकलेटं मागायला वयाची अट असावी का? एकजण म्हणाला दहा. दुसरा म्हणाला, "इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळेपर्यंत फिरू द्या बिचाऱ्यांना!" जोशी वहिनी म्हणाल्या, "मिशी फुटली की बंद." त्यावर मुलींचं काय करायचं यावर दहा मिनिटं गेली.

मी म्हटलं, आता आपला अनुभव कामी आणावा. उभा राहिलो. "बारा! बावीस वर्षं मी मुलांचे कपडे विकतोय. लेबलावर चार ते सहा, सात ते नऊ, दहा ते बारा. तिथं मुलांचं कपाट संपतं. पुढचा माणूस ॲडल्ट स्मॉल!"

टाळ्या पडल्या हो! कुलकर्णी म्हणाले, "याला म्हणतात डेटा." लगेच नोटीस टाइप झाली. तेरा पूर्ण झालेल्याला चॉकलेट नाही, कुणाचाही मुलगा असो वा मुलगी.

मी घरी आलो तो छाती काढूनच. बायकोनं, म्हणजे सुनंदानं, पोळी वाढली आणि शांतपणे विचारलं, "सई येत्या मंगळवारी किती पूर्ण करते?"

सई माझी मुलगी. तिला मी कालपरवापर्यंत दहा ते बाराच्या कपाटातून कपडे काढून देत होतो. अंगानं बारीक, अजून तोच साइज बसतो. माझ्या डोक्यात ती लेबलाएवढीच राहिली होती.

ती खोलीच्या दारातून बघत होती. तिच्या टोळीत पाच मुली, बाकीच्या चौघी अजून बारा वर्षांच्या. पहिलीपासून पाचही जणी एकत्र फिरतायत. यंदा चौघी फिरणार आणि ती एकटी घरी बसणार, तेही बापानं केलेल्या कायद्यानं.

"यू मेड द रूल, बाबा?" एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी आईकडून मागवायची. मीठ माझ्या हातात असायचं!

*

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, 'तेरा केलं तर बरं होईल असं वाटतं.' कुलकर्ण्यांचा फोन आला.

"काल तर तुम्ही बारा म्हणालात."

"काल चूक झाली."

"अहो, पॉलिसी एकदा इश्यू झाली की क्लेमच्या वेळी वय वाढवून मिळत नाही!"

मी म्हटलं, "पोरगी बोलत नाहीये हो माझ्याशी."

"तेरा पूर्ण ना? मग ते नॉर्मल आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

वाढदिवसाला तिच्यासाठी मी दुकानातला सगळ्यात भारी चेटकिणीचा झगा नेला. म्हटलं, तू आपल्या दारात उभी राहा, चॉकलेटं वाट, तू मॅनेजर! तिनं आईला सांगितलं, "आई, टेल हिम, दॅट्स व्हॉट आंटीज डू." झगा घडीसुद्धा न मोडता दुकानात परत आला. त्याच्या खिशात काही नव्हतं.

*

त्याच आठवड्यात माझी जुनी गिऱ्हाईक आली. एक इमिराती आजी, हिंदी आपल्यापेक्षा झकास बोलतात. त्यांच्यात रमजानच्या आधी 'हक्क अल लैला' असतं. त्या संध्याकाळी पोरं गळ्यात कापडी पिशव्या अडकवून गाणं म्हणत घरोघर जातात, आणि लोक त्यात मिठाई, दाणे, चॉकलेटं घालतात. आजी नातवंडांच्या पिशव्या माझ्याकडून शिवून घेतात. चार महिने आधी ऑर्डर देतात, कारण माझ्या टेलरचं 'इन्शाल्ला कल', म्हणजे कधीच न उगवणारा उद्या, त्यांना ठाऊक आहे.

मी माप घेता घेता विचारलं, "अम्मा, आपके यहाँ कितनी उमर तक चलता है?"

"उमर कौन पूछता है? जो गाना गाए, उसको मिलता है."

"बड़ा लड़का आ गया तो?"

"जिस साल उसको खुद शरम आएगी, उस साल नहीं आएगा. शरम नहीं आई, मतलब अभी बच्चा है. डालो थैली में!"

मी कुलकर्ण्यांची नोटीस सांगितली. त्यांना काही केल्या कळेना की मिठाई वाटायला मीटिंग कशाला लागते. जाताना म्हणाल्या, "हबीबी, वह रूल किसने बनाया?"

मी म्हटलं, "कोई बेवकूफ है बिल्डिंग में."

*

एकतीस तारीख उजाडली. बाहेरचे मिशीवाले येऊ नयेत म्हणून खाली आमचा नातूर बसवला होता. नातूर म्हणजे बिल्डिंगचा वॉचमन, गुलखान. सव्वासहा फुटी पठाण, आवाज लिफ्टमध्येही घुमतो. त्याला सांगितलं होतं, बाहेरच्या पाहुण्या पोराचं वय विचारायचं.

जोशी वहिनींचा भाचा शारजाच्या रोल्ला भागातून आला. वय अकरा आणि उंची पाच फूट सात! अंगात माझ्याच दुकानातला सांगाडा.

गुलखान म्हणाला, "वापस जाओ."

पोरगा रडवेला झाला. "अंकल, आय ॲम इलेव्हन!"

"इलेव्हन तो मेरा जूता है."

त्याची आई व्हिसा रिन्यू करायचा अर्ज टायपिंग सेंटरमध्ये भरून घेऊन तिथूनच थेट आली होती. तिनं पर्समधून पासपोर्ट काढला. फोटो पाच वर्षांपूर्वीचा, पुढचे दोन दात पडलेले. गुलखाननं सांगाड्याचा मुखवटा काढायला लावला, "हँसो" म्हणाला, फोटो धरून दात तपासले. मग जन्मतारखेवर बोट ठेवून वर्षं मोजली आणि उठून सलाम केला.

मला म्हणाला, "सेठ, इतने साल नौकरी किया. पासपोर्ट दिखाके अंदर जानेवाला भूत आज पहली बार देखा!"

*

मी हसलो, पण मनापासून नाही. वर कुलकर्ण्यांनी मला बोलावलं होतं. "नियम तुमचा, तर दारात तुम्हीही बसा." असे आम्ही दोघं त्यांच्या दारात. त्यांच्या हातात फ्लॅटनिहाय वयांची यादी, माझ्या मांडीवर चॉकलेटांचा वाडगा. कुलकर्ण्यांची आई, वय एकोणऐंशी, व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आलेली. गुडघ्यांमुळे दिवसभर आतल्या खोलीत पडून असायच्या. "आई झोपलीय, आवाज नको," असं त्यांनी मला आल्या आल्या बजावलं होतं.

मधमाशी आली. यंदा तिनं चारदा घेतलं आणि चिवडा आहे का विचारलं. वांगंही येऊन गेलं, सुळे हलत होते. सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. गेल्या वर्षीसारखी एकही मिशी नाही. पण मला प्रत्येक पावलाला वाटायचं, आता सईच्या मैत्रिणी येणार. चार. आणि मी त्या चार मोजणार.

लिफ्ट उघडली. चौघी आल्या. त्यांच्या पुढे एक पाचवी आकृती! डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. हळूहळू, एक एक पाऊल टाकत दारात येऊन उभी राहिली.

मी मनात म्हटलं, पोरीनं चादर पांघरून यायचं धाडस केलं! आता हा माणूस सगळ्यांसमोर तिला परत पाठवणार, आणि वाडगा धरून बघत बसणार मी.

कुलकर्ण्यांनी यादीवर बोट ठेवलं. "सई, ओळखलं हं मी. तेरा पूर्ण. सॉरी बेटा, रूल इज रूल."

चादर आणखी एक पाऊल पुढे आली.

"वय सांग बघू. खरं खरं."

चादरीतून आवाज आला, "तुझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी जास्त!"

चादर वर झाली. आत कुलकर्ण्यांच्या आई! अंबाडा सुटलेला, चष्मा नाकावर घसरलेला, गळ्यात पिशवी. पिशवी निम्मी भरलेली. आणि चादरीतच त्यांच्या मागे लपून, त्यांचं कोपर घट्ट धरून, साध्या जीन्समध्ये सई.

आतून कुलकर्णी वहिनी धावत आल्या. "अगं बाई, माझी नवी चादर!"

"आई! तू? तुझे गुडघे?" कुलकर्ण्यांच्या हातून यादी गळून पडली.

"गुडघे ठीक आहेत. तू यादीत डोकं घालून बसलास, तेवढ्यात या मुलीनं मला बाहेर काढलं आणि तीन मजले हिंडवलं. महिना झाला मला येऊन, या बिल्डिंगमध्ये कोण राहतं ते मला आज कळलं. सगळ्यांनी चॉकलेट दिलं, या बसा म्हणाले. वय विचारणारा तूच पहिला! चल, टाक दोन. एक माझं, एक हिचं."

"अगं पण आई, तुला शुगर आहे!"

"म्हणूनच सांगते. दोन्ही हिलाच दे."

कुलकर्ण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाडग्यात पाहिलं. मग मी हाताला आलं ते एक चॉकलेट उचललं आणि सईच्या पुढे धरलं.

बारा दिवसांनी माझी मुलगी माझ्याशी बोलली.

"नॉट दॅट वन, बाबा. द बिग वन."